संकटात मिटणारी झडप

(पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्याशिवाय आज शहरांचे चालत नाही. ही इंधने मोठमोठ्या टाक्यांत साठवलेली असतात आणि टँकरमधून आपल्या घरांजवळून जातात. गळती झाली तर ती थांबवायची कशी, यासाठी माणसाने एक साधी पण मोलाची युक्ती केली आहे. तिची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, मुंबईच्या बहुतेक वस्त्यांत पाणी ठरावीक वेळेलाच येते. जोगेश्वरीत बेहरामबाग असो, प्रेमनगर असो की मेघवाडी, सगळीकडे तीच तऱ्हा. महानगरपालिकेचा कर्मचारी हातात लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातले झाकण उघडतो, चावी आत घालून फिरवतो आणि मग आपल्या नळाला पाणी येते. या कर्मचाऱ्याला सगळे 'चावीवाला' म्हणतात. तो जी वस्तू उघडतो आणि बंद करतो, तिला झडप म्हणतात. बोलताना आपण तिला 'व्हॉल्व्ह' म्हणतो.

झडप म्हणजे नळीतला दरवाजा. तो उघडला की प्रवाह वाहतो, मिटला की थांबतो. तुमच्या शरीरातही असे दरवाजे आहेत. हृदयातील झडपा रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. सायकलच्या ट्यूबमध्ये झडप असते, म्हणून भरलेली हवा आत राहते. प्रेशर कुकरलाही झडप असते. झडपा आपल्या आजूबाजूला इतक्या आहेत, की आपले त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

२०२३ सालच्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट पाहा. अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोचे काम चालू असताना वेरावली जलाशयाकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिनीला भोक पडले. या वाहिनीचा व्यास १८०० मिलिमीटर, म्हणजे उंच माणूस आत उभा राहील एवढा. अंधेरी, जोगेश्वरी आणि आसपासच्या भागातल्या लोकांचे काही दिवस पाण्यावाचून हाल झाले. का बरे? कारण फुटलेली वाहिनी दुरुस्त करायची, तर आधी तिच्यातला प्रवाह थांबवावा लागतो. आधी झडप बंद, मग दुरुस्ती. हा क्रम कोणालाच चुकवता येत नाही.

पाणी वाया गेले, लोकांना त्रास झाला, पण पाणी पेटत नाही. आता मनाशी कल्पना करा, की त्या वाहिनीत पाण्याऐवजी पेट्रोल असते तर?

पेट्रोल दिसते पाण्यासारखेच, पण त्याचा स्वभाव अगदी निराळा आहे. पाणी जमिनीवर सांडले तर वाळायला वेळ लागतो. पेट्रोलची मात्र लगेच वाफ होऊ लागते. कडाक्याच्या थंडीतही, शून्याच्या खाली ४० अंश सेल्सिअस तापमानालाही, पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघत असते. मग मुंबईच्या उकाड्याची काय कथा! खरे तर पेट्रोल पातळ अवस्थेत जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ शंभरात साधारण दीड ते साडेसात भाग एवढी मिसळली, की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती धुरासारखी वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरते, गटारात उतरते, सखल जागी साचून राहते. वास येतो, पण धोका डोळ्यांना दिसत नाही. आणि ठिणगी कुठेही असू शकते. कोणी स्कूटर सुरू करतो, कोणी दिव्याचे बटण दाबतो, कोणाच्या घरात शेगडी पेटलेली असते.

म्हणून इंधनाच्या गळतीत सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती असेल, तर वेळ. एक साधा हिशेब करू. एखाद्या टँकरची नळी निसटली आणि दर मिनिटाला ५०० लिटर पेट्रोल वाहू लागले, असे धरून चालू. झडप बंद करायला दहा मिनिटे लागली तर ५००० लिटर पेट्रोल रस्त्यावर येईल. पंधरा लिटरच्या बादलीने मोजले, तर तीनशेहून जास्त बादल्या! तीच झडप अर्ध्या मिनिटात मिटली तर फक्त २५० लिटर, म्हणजे सुमारे सतरा बादल्या. सतरा बादल्या पेट्रोलही धोक्याचेच. पण त्यावर वाळू टाकता येते, फेस फवारता येतो, लोकांना दूर नेता येते. तीनशे बादल्यांपुढे मात्र माणूस हतबल होतो.

आता तुम्ही विचाराल, की गळती दिसताच कोणीतरी धावत जाऊन झडप का फिरवत नाही? अडचण इथेच आहे. जिथे गळती, तिथेच बहुधा ती झडप असते. तिथे वाफेचे ढग असतात. श्वास कोंडतो, डोळे चुरचुरतात, भोवळ येते. आग लागली असेल तर जवळ जाणेच अशक्य. ज्या वेळी झडपेची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी माणूस तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. या एका अडचणीतून 'संकटकालीन बंद-झडप' जन्माला आली.

अशा झडपेकडून तीन अपेक्षा असतात. पहिली, ती टाकीच्या अगदी जवळ असावी. झडप टाकीपासून लांब असेल आणि मधलीच नळी फुटली, तर झडप मिटूनही टाकी रिकामी होतच राहील. दुसरी, ती दुरून बंद करता यावी. बटण नियंत्रण-कक्षात असावे आणि टाक्यांभोवतीच्या भिंतीबाहेर, सुरक्षित जागीही असावे. तिसरी अपेक्षा सर्वांत महत्त्वाची. कोणी काहीच करू शकले नाही, वीज गेली, तारा जळाल्या, तरी तिने स्वतःहून मिटावे.

निर्जीव लोखंड स्वतःहून कसे मिटेल? याचे उत्तर तुम्हाला जोगेश्वरी स्थानकावर मिळेल. लोकलगाडीच्या ब्रेकना दाबलेल्या हवेची नळी जोडलेली असते. ही हवा काय करते, असे तुम्हाला वाटते? ती ब्रेक लावते? नाही. नळीतला हवेचा दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. समजा, दोन डब्यांमधली नळी तुटली. मग दाब नाहीसा होतो आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे बिघाड झाला, की गाडी धावत सुटत नाही, उलट थांबते. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२च्या सुमारास असा स्वयंचलित ब्रेक तयार केला. बिघडले तरी सुरक्षित बाजूलाच बिघडावे, हा त्यामागचा विचार आहे.

संकटकालीन झडपेतही हीच युक्ती असते. झडपेच्या आत किंवा वर एक मजबूत स्प्रिंग असते. ती झडपेला सतत मिटवायला बघते. तिला रोखून धरायला दाबलेली हवा किंवा तेलाचा दाब वापरतात. दाब आहे तोवर झडप उघडी. बटण दाबले किंवा नळी तुटली, की दाब जातो आणि स्प्रिंग झडप मिटवून टाकते. झडप उघडी ठेवण्यासाठी श्रम लागतात, मिटण्यासाठी काहीच लागत नाही. काही मोठ्या टाक्यांवर विजेच्या मोटरने फिरणाऱ्या झडपाही असतात. तिथे मात्र मोटरच्या तारा आगीत काही काळ टिकतील अशा घ्याव्या लागतात, नाही तर गरजेच्या वेळी मोटर फिरणारच नाही.

आगीसाठी आणखी एक सुंदर योजना आहे. बिस्मथ, शिसे, कथील अशा धातूंचे योग्य प्रमाणात मिश्रण केले, तर ते फार कमी तापमानाला वितळते. एकट्या शिशाला वितळायला ३२७ अंश सेल्सिअस तापमान लागते, पण अशी काही मिश्रणे ७० ते ७५ अंशांनाच वितळतात. म्हणजे पाणी उकळण्याच्याही आधी! या मिश्रणाने जोडलेली एक लहानशी कडी झडपेच्या दांड्याला लावतात. ही कडी स्प्रिंगला रोखून धरते. जवळ आग लागली, की कडी वितळून तुटते, स्प्रिंग मोकळी होते आणि झडप मिटते. येथे वीज नाही, हवा नाही, माणूस नाही. आग स्वतःच आपल्या हाताने आपले इंधन तोडते.

द्रवरूप गॅसच्या टाक्यांवर एक वेगळी झडप असते. नेहमीच्या वेगाने गॅस बाहेर जात असेल, तर ती उघडी राहते. नळी फुटून गॅस एकदम जोराने धावू लागला, तर त्या धावण्याच्या जोरानेच झडपेची चकती ओढली जाते आणि दार बंद होते. मात्र हिची एक मर्यादा आहे. बारीक भोकातून हळूहळू होणारी गळती तिला कळत नाही.

टँकरच्या बाबतीत अपघाताचा विचार करावा लागतो. टँकरच्या पोटाखाली नळ्या असतात. धडक बसली तर त्या तुटणारच. म्हणून मुख्य झडप टाकीच्या आत बसवतात आणि तिच्या बाहेरच्या बाजूला नळीवर मुद्दाम एक खाच पाडतात. धक्का बसला, की नळी त्या खाचेपाशी तुटते आणि आतली झडप शाबूत राहते. काही पेट्रोल पंपांवर मोटर जमिनीखालच्या टाकीत बुडवलेली असते. अशा पंपांवर पेट्रोल भरण्याच्या यंत्राच्या तळाशी अशीच झडप असते. एखादी गाडी यंत्रावर आदळली, तर नळी ठरलेल्या जागी तुटते आणि झडप मिटते. कुठे तुटावे हे आधीच ठरवून ठेवणे, ही केवढी दूरदृष्टी!

येथे एक गंमत लक्षात ठेवा. झडप लवकर मिटली पाहिजे हे खरे, पण फार मोठी झडप क्षणार्धात मिटवणेही बरे नाही. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला, तर कधीकधी भिंतीतली नळी 'धाड' असा आवाज करते. धावते पाणी अचानक अडले, की त्याचा धक्का नळीला बसतो. लांबलचक नळीतून शेकडो टन तेल वाहत असेल, तर हा धक्का नळी फोडू शकतो. म्हणून अभियंते हिशेब करून ठरवतात, की कोणती झडप किती सेकंदांत मिटावी.

या झडपेचे मोल काय आहे, हे भारताने फार मोठी किंमत देऊन जाणले. २९ ऑक्टोबर २००९ची संध्याकाळ. राजस्थानात जयपूरजवळ सीतापुरा औद्योगिक वसाहतीत इंडियन ऑइलचे मोठे इंधन-आगार होते. तेथून शेजारच्या आगाराला नळीने पेट्रोल पाठवायची तयारी चालली होती. एका टाकीच्या नळीवर जुन्या पद्धतीचे, लोखंडी पाते बदलून नळी उघडण्याचे साधन होते. पाते बदलताना नळीची वरची बाजू थोडा वेळ उघडी राहते. त्या वेळी टाकीकडची झडप बंदच असली पाहिजे. पण कामाचा ठरलेला क्रम पाळला गेला नाही आणि पेट्रोलचा फवारा उसळला. तिथला कर्मचारी वाफेने गुदमरला. त्याला वाचवायला गेलेल्या सहकाऱ्यालाही वाफेने घेरले. आता झडपेजवळ जाणार कोण?

सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. सुमारे १००० टन पेट्रोल बाहेर आले. १२ हजार लिटरचे शंभराहून अधिक टँकर भरतील एवढे! पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी टाक्यांभोवतीच्या भिंतीला एक झडप होती. ती बंद असायला हवी होती, पण उघडी होती. पेट्रोल तिच्यातून नाल्यात गेले आणि वाफेचा ढग सगळ्या आवारात पसरला. मग कुठूनशी ठिणगी पडली आणि प्रचंड स्फोट झाला. हळूहळू आगारातल्या इतर टाक्याही पेटल्या. ती आग अकरा दिवस धुमसत होती. अकरा माणसे प्राणांस मुकली. त्यांपैकी पाच जण आगाराचे कर्मचारीही नव्हते.

या दुर्घटनेची चौकशी एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. समितीला जे आढळले, ते वाचून मन चटका खाते. टाकीची ती झडप दुरून बंद करण्याची सोय पूर्वी होती. ती नंतर काढून टाकण्यात आली होती! ती असती, तर दूर उभ्या असलेल्या एखाद्याने बटण दाबून गळती थांबवली असती. समितीने शिफारस केली, की टाक्यांच्या नळ्यांवर दुरून बंद करता येणाऱ्या झडपा बसवाव्यात आणि उघडे राहणारे जुने साधन वापरू नये. त्यानंतर देशातील मोठ्या आगारांवर अशा झडपा बसवण्याच्या कामाने जोर धरला. चार वर्षे आधी, डिसेंबर २००५मध्ये, इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे अशीच एक टाकी भरून वाहिली होती. टाकी भरल्याचे सांगणारी यंत्रणाच चालली नव्हती. तिथेही वाफेचा ढग झाला आणि स्फोट झाला. रविवारची पहाट होती, म्हणून कोणाचा जीव गेला नाही, पण चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. देश निराळे, भाषा निराळी, पण लोखंड आणि पेट्रोल सगळीकडे एकाच नियमाने वागतात.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे समजू नका. मुंबईत माहुलला १९५०च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. ते आज हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जातात. माहुल, वडाळा, शिवडी या बाजूला इंधनाचे मोठे साठे आहेत. खाडीपलीकडे उरण आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरण येथील ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागून चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत आग विझवायला धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे तीन जवान होते. त्या दिवशी प्रकल्पाकडे येणारा गॅस गुजरातमधील हजिरा येथे वळवण्यात आला. आगीकडे जाणारे इंधन तोडणे, हेच आग विझवण्याचे पहिले पाऊल असते.

इंधनाच्या साठ्यांना परवाने देणारी आणि नियम घालून देणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या महाराष्ट्रातच आहे. 'पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना' असे तिचे नाव असून मुख्य कार्यालय नागपूरला आहे. कोणते द्रव किती तापमानाला पेट घेण्याजोगी वाफ सोडते, त्यावरून त्यांचे वर्ग पाडले आहेत. २३ अंश सेल्सिअसच्या खालीच जे अशी वाफ सोडतात, ते सर्वांत धोक्याच्या 'अ' वर्गात येतात. पेट्रोल या वर्गात आहे. डिझेल आणि रॉकेल त्यानंतरच्या वर्गात येतात.

झडप बसवली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. मुंबईची हवा दमट आणि खारट. लोखंड गंजते, स्प्रिंग अडकते, दांड्यावर रंगाचे थर चढतात. वर्षभर न हललेली झडप ऐन वेळी हलेलच, याची खात्री काय? म्हणून अशा झडपा ठरावीक काळाने मुद्दाम मिटवून पाहाव्या लागतात. किती सेकंद लागले, पूर्ण मिटली की थोडी फट राहिली, हे वहीत लिहावे लागते. हे काम करणारा फिटर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याने काम चोख केले, तर काहीच घडत नाही आणि काहीच घडले नाही, तर त्याचे नाव कोणाला कळत नाही. तरी कितीतरी लोकांचे प्राण त्याच्या तेलकट हातांवर अवलंबून असतात. उद्या तुमच्यापैकी कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून हेच काम करील. त्या वेळी तपासणी न करता वहीत 'ठीक आहे' असे लिहिण्याचा मोह झाला, तर जयपूर आठवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. झडप नळीला अडवते, पण टाकीलाच भगदाड पडले तर ती काही करू शकत नाही. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळच्या पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले. चार जणांचा बळी गेला. पुलाखालून आपल्या वाटेने जाणाऱ्यांनाही त्या आगीने सोडले नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसाच्या उजेडात नीट दिसतही नाही.

म्हणून उरलेली खबरदारी आपल्यालाच घ्यायची आहे. 'खबरदारी' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. ज्याला खबर आहे, तोच खबरदार राहू शकतो. तर मग काही गोष्टींची खबर ठेवा.

पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोड रस्त्यावर टँकर उभा दिसला, तर पदपथावरूनच त्याच्या पाठीवरचा आणि बाजूचा फलक वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर असा फलक लावावा लागतो. त्यावर चौकटीत चार अंकी आकडा असतो. हा आकडा जगभर एकच असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस, १२३० म्हणजे मिथेनॉल. फलकावर मालाचे नाव, धोक्याचे चिन्ह आणि मदतीसाठी दूरध्वनी क्रमांकही असतो. अपघात झाला आणि तुम्ही दुरूनच हा आकडा वाचून अग्निशमन दलाला सांगू शकलात, तर जवानांना पाणी वापरायचे की फेस, हे वाटेतच ठरवता येईल.

टँकर उलटला किंवा गळू लागला तर जवळ जाऊ नका. मोबाइलवर चित्रे घेत उभे राहू नका. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला आणि उंच जागेकडे जा, कारण वाफ वाऱ्याबरोबर आणि उताराकडे जाते. कोणालाही गाडी सुरू करू देऊ नका. विडी-सिगारेट विझवायला सांगा. मग दूर जाऊन १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा.

आणि सांडलेले इंधन गोळा करायला कधीही जाऊ नका. जून २०१७मध्ये पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यातील अहमदपूर शर्किया येथे तेलाचा टँकर उलटला. ईद तोंडावर आली होती. आसपासचे लोक बादल्या, डबे घेऊन धावले. बायका आणि मुलेही त्यांत होती. तेवढ्यात आग भडकली आणि दोनशेहून अधिक लोक मरण पावले. त्यांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. चार पैसे वाचतील, एवढाच विचार होता. पेट्रोलच्या वाफेची खबर त्यांना कोणी दिली नव्हती.

आता घराकडे वळू. तुमच्या घरी १४.२ किलोचा गॅस सिलिंडर असेल, तर त्याच्या तोंडाशीही आपोआप मिटणारी झडप आहे. रेग्युलेटर बसवून चालू केला, की झडपेतली कांडी खाली दाबली जाते आणि गॅस येतो. रेग्युलेटर काढला, की आतली स्प्रिंग कांडी वर ढकलते आणि तोंड बंद होते. जे टाकीच्या मोठ्या झडपेत, तेच या बोटाएवढ्या झडपेत! मात्र शेगडीकडे जाणारी रबरी नळी चिरली, तर ही झडप उघडीच राहते. म्हणून रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करावा आणि नळी मुदतीत बदलावी. गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका. चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद राहू द्या. घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. गॅस गळतीसाठी हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आपल्या चाळीत घराला घर लागून आहे. एका घरातली हुशारी दहा घरांना वाचवते आणि एका घरातला निष्काळजीपणा दहा घरांना भोवतो.

माणसाने आग ताब्यात आणली, तेव्हापासून तो तिच्याशी खेळ खेळत आला आहे. आगीला अन्न द्यायचे, पण हवे तेवढेच आणि हवे तेव्हाच. संकटकालीन झडप म्हणजे या खेळातला आपला शेवटचा डाव. ती लोखंडाची असली, तरी तिच्यात कोणीतरी केलेला दुसऱ्यांच्या जिवाचा विचार भरलेला आहे. तो विचार जागा ठेवण्याचे काम आता तुमच्याकडे येणार आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेट्रोलची वाफ जमिनीलगत का पसरते?
(आ) टँकरच्या फलकावरील १२०३ हा आकडा कोणते इंधन दाखवतो?
(इ) पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय कोठे आहे?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लोकलगाडीचा ब्रेक आणि संकटकालीन झडप यांत कोणते साम्य आहे?
(आ) कमी तापमानाला वितळणारी कडी कशी काम करते?
(इ) जयपूरच्या दुर्घटनेत गळती सव्वा तास का थांबली नाही?

३. 'त्याने काम चोख केले, तर काहीच घडत नाही' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

४. उपक्रम : घरातील गॅसची नळी केव्हा बदलली, ते मोठ्या माणसांना विचारा. नळीवर छापलेली मुदत वाचा आणि ती वहीत लिहून ठेवा.